शंभू चालतो, मग येसू का नको?

पवन मावळ असो, नाणे मावळ असो की आंदर मावळ. मुलगा झाला की नावाचा प्रश्न घरात फार दिवस रेंगाळत नाही. नावरस अक्षर काहीही निघो, पाळण्यामागच्या कमानीवर शिवराज, शंभूराजे, राजवीर, स्वराज यांतलंच एखादं नाव झळकतं. त्याला माझी हरकत नाही. लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना ज्यांच्या अंगणातून दिसतात, त्यांनी राजांची नावं ठेवायची नाहीत तर कुणी ठेवायची?

माझं भांडण पुढच्या बारशाशी आहे. त्याच घरात मुलगी होते. पेढ्यांच्या जागी बर्फी येते आणि नाव शोधायला मोबाइल बाहेर निघतो. कियारा, मायरा, अनाया. हेच का, असं विचारलं तर आत्यालाही सांगता येत नाही आणि आईलाही नाही. 'ऐकायला गोड वाटलं', एवढंच कारण. मुलाला इतिहास आणि मुलीला नुसता नाद, ही वाटणी कुणी करून दिली?

सई आणि जिजा ही दोन नावं पुन्हा ऐकू येऊ लागली आहेत, हे मान्य. पण एखाद्या आजीनं 'येसू ठेवा' म्हणून पाहावं. लगेच कुणीतरी तोंड वाकडं करतं: नको गं बाई, तिनं फार भोगलं.

भोगलं? मग छत्रपती संभाजी महाराजांनी काय भोगलं? फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरला ते पकडले गेले. ११ मार्चला औरंगजेबानं त्यांना हालहाल करून मारलं. वय अवघं ३१. तरी शंभू हे नाव ठेवताना कुणाच्या मनात शंकेची पाल चुकचुकत नाही. छाती अभिमानानं भरून येते, आणि यायलाच हवी. मग त्यांच्याच पत्नीचं नाव घेताना नशीब कुठून आडवं येतं? नवऱ्याचं मरण ते बलिदान आणि बायकोचं झुंजणं ते दुर्दैव, हा हिशेब साफ खोटा आहे.

येसूबाईंनी काय केलं ते नीट आठवा. पतीच्या हत्येनंतर काही दिवसांतच रायगडाला वेढा पडला. मुलगा शाहू सात वर्षांचाही झाला नव्हता. आपल्या मुलाची गादी धरून बसण्याऐवजी त्यांनी दीर राजाराम महाराजांना गडाबाहेर पाठवलं आणि स्वतः शाहूला घेऊन मागे थांबल्या. त्याच वर्षी गड पडला. मोगलांच्या कैदेतून त्या सुटल्या १७१९ मध्ये. राज्य टिकावं म्हणून एवढी किंमत मोजणाऱ्या बाईचं नाव आपल्याला अपशकुनी वाटत असेल, तर दोष आपल्या नजरेचा आहे.

ताराबाईंचंही तेच. १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले. तेव्हापासून १७०७ मध्ये औरंगजेब मरेपर्यंत मराठ्यांची लढाई या पंचविशीतल्या विधवेनं चालवली. पण तारा नाव सुचवलं की कुणाला तरी तिचं शाहू महाराजांशी झालेलं भांडण आठवतं. गादीसाठी भांडणारा पुरुष मुत्सद्दी आणि बाई भांडली की कजाग! आपल्याकडे न भांडता गादीवर बसलेले राजे असे किती होते?

आता मावळच्या दारातलं नाव घेते. तळेगाव दाभाडे. खंडेराव दाभाडे १७१७ मध्ये शाहू महाराजांचे सेनापती झाले आणि १७२९ मध्ये वारले. १ एप्रिल १७३१ रोजी डभईच्या लढाईत पहिल्या बाजीरावाशी लढताना त्यांचा मुलगा त्रिंबकराव पडला. सेनापतिपद धाकट्या यशवंतरावाकडे गेलं, पण कारभार हाती घेतला तो आई उमाबाईंनी. गुजरातच्या मोहिमेवर त्या स्वतः गेल्या. त्या राणी नव्हत्या, पण कित्येक राण्यांना मिळाली नाही एवढी सत्ता त्यांनी चालवली. त्यांची समाधी तळेगावातच आहे. उमा हे दोन अक्षरी नाव उच्चारायला सोपं आहे, कानाला गोड आहे आणि ते आपल्या तालुक्याचं आहे. आणखी काय हवं?

काही जण म्हणतील, मुलींना इतिहासातली नावं द्यायची आपली परंपराच नाही. त्यांनी लोणावळ्याहून सरळ कार्ल्याला जावं. एकवीरेच्या देवळाशेजारी, चैत्यगृहाच्या तोंडाशी सिंहस्तंभ उभा आहे. तो देणाऱ्या महारठ्यानं त्यावर आपलं नाव कोरून घेतलंय: गोतिपुत्र अग्निमित्रणक. आत राजाचं नाव आहे: वासिष्ठीपुत्र पुळुमावी. समोरच्या भाज्यात पाण्याच्या टाक्यावर आणखी एक महारठी: कौशिकीपुत्र विष्णुदत्त. दोन हजार वर्षांपूर्वी या खोऱ्यात राजा आणि सरदार स्वतःची ओळख आईपासून सांगत होते. बेडशाच्या टाक्यावर तर दान देणारी बाईच आहे, महाभोजाची मुलगी महारठिनी सामडिनिका. आणि याच जिल्ह्यात, जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या पुतळ्यांवर नावं कोरली होती. पुतळे गेले, नावं उरली. त्यांत राणी नागनिकेचं नाव आधी येतं आणि राजा सातकर्णीचं नंतर.

शिवाजी हे नावदेखील शिवनेरीवरच्या शिवाई देवीवरून ठेवलं, असं परंपरा सांगते. ज्या नावापुढे आपण मान झुकवतो, त्या नावाचं मूळच एका देवीत आहे.

आईचं नाव लावणं महाराष्ट्र सरकारलाही उशिरा का होईना सुचलं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव, असा क्रम आला. म्हणजे आज पाळण्यात ठेवलेल्या मुलीचं नाव उद्या तिच्या मुलांच्या नावाला लागून लिहिलं जाईल. ते नाव काय असावं याचा विचार आजच करायला हवा.

आणखी एक. मुलाच्या जन्मदाखल्यावरच 'राजे' लावण्याची घाई करू नका. शिवाजी, संभाजी, राजाराम ही नावं पदवीशिवायही पुरेशी भारदस्त आहेत. नाव द्यावं आई-बापांनी, पदवी ज्याची त्यानं मिळवावी.

ज्यांच्या घरी सध्या पाळणा हलतोय त्यांना सांगणं एवढंच. जन्माची नोंद नावाशिवायही होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं. तेव्हा घाई करू नका. मोबाइल बाजूला ठेवा, मुलीला घेऊन एकदा तळेगावला उमाबाईंच्या समाधीपाशी जाऊन या आणि मग नाव ठरवा. उमा ठेवा, तारा ठेवा, येसू ठेवा. ती विचारण्याएवढी मोठी झाली की तिचं नाव कुणावरून ठेवलं, ते तिला अभिमानानं सांगा.