बिनपरवान्याचा वायरमन

महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय कुटुंबात घरगुती वायरमन हा एक स्वतंत्र पुरुषप्रकार आढळतो. मात्र त्याचा विचार करण्यापूर्वी मूळ वायरमन कोणाला म्हणतात, हे सांगून ठेवणे इष्ट आहे. वायरमन म्हणजे तारजोडणीचे रीतसर शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन आणि सरकारी परवाना मिळवून विजेची कामे करणारा कारागीर. घरगुती वायरमनपाशी शिक्षण, परीक्षा आणि परवाना या तिन्ही गोष्टी नसतात. तारा मात्र भरपूर असतात. पोटापाण्यासाठी तो बहुधा बँकेत, विमा कंपनीत किंवा पाटबंधारे खात्यात असतो, वीजपुरवठा करणाऱ्या कंपनीला २००५ सालच्या विभाजनानंतरही तो ‘एमएसईबी’च म्हणतो (हा दोष उभ्या महाराष्ट्राचा असल्याने त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही), आणि आपल्या अधिकाराचा पुरावा म्हणून तो आजवर बसलेल्या शॉकांचा दाखला देतो. ‘आपल्याला काय कमी वेळा बसलाय! झिणझिण्या येतात, बाकी काही होत नाही,’ हे त्याचे आवडते विधान अनुभवसिद्ध असले, तरी त्यात एक मूलभूत उणीव आहे. तो अनुभव ज्यांना बाधला, ते आपले मत नोंदवायला मागे राहिलेले नसतात.

या प्रकाराचे संपूर्ण दर्शन घडण्यास घरातील इस्त्रीचा प्लग काळा पडणे पुरेसे असते. प्लग काळा का पडतो, याचे कारण साधे आहे: १००० वॅटच्या इस्त्रीतून २३० व्होल्टच्या घरगुती पुरवठ्यावर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह वाहतो, आणि पिनेला तार आवळणारा स्क्रू सैल असेल तर त्या अर्धवट स्पर्शाच्या जागी प्रवाहाला विरोध होऊन तेवढाच बिंदू तापत राहतो, त्यामुळे आधी वास येतो, मग प्लगचे अंग करपते आणि शेवटी पिन बोटाने हलवली तरी हलते. हा वास गृहिणीला आठवडाभर आधी येतो. ‘अहो, इस्त्रीला वास येतोय,’ या तिच्या निवेदनावर ‘इस्त्री म्हटली की वास येणारच’ असे उत्तर मिळते, आणि एका सकाळी अर्धी इस्त्री झालेला शर्ट अंगात चढवून कचेरीत जाण्याची पाळी आल्यावरच घरगुती वायरमन हे प्रकरण हाती घेतो. कोपऱ्यावरच्या वायरमनला बोलवावे, ही सूचना तो तत्काळ फेटाळतो, कारण तो माणूस ‘नुसता हात लावायचे’ पैसे घेतो.

खरेदीसाठी कोपऱ्यावरचे दुकान पुरेसे असतानाही तो पुण्यात असल्यास तपकीर गल्लीत आणि मुंबईत असल्यास लोहार चाळीत जातो, व प्लगवर वाचलेल्या रकमेपेक्षा अधिक रक्कम रिक्षेवर खर्च करून परततो. दुकानदार ज्याला ‘टॉप’ म्हणतो तो तीन पिनांचा प्लग दोन आकारांत मिळतो, ६ अँपिअरचा लहान आणि १६ अँपिअरचा मोठा. जुने लोक यांनाच पाचचा आणि पंधराचा म्हणतात, त्यामुळे ‘पाचचा द्या’ असे मागितल्यावर दुकानदार काही न बोलता सहाचा काढून देतो. उपकरणाचे वॅट २३० ने भागले की लागणारे अँपिअर मिळतात, एवढे गणित आले की निवड चुकत नाही: इस्त्रीला सहाचा पुरतो, तर २००० वॅटच्या गीझरला सुमारे ८.७ अँपिअर लागत असल्याने सोळाच्याला पर्याय नसतो. घरगुती वायरमन मात्र भागाकार न करता प्लग तळहातावर झुलवून त्याचे वजन पाहतो. जाता जाता नोंदवण्यासारखी गोष्ट अशी, की गोल पिनांचा हा घाट मूळचा इंग्रजांचा असून, त्यांनी स्वतः १९४७ नंतर आत फ्यूज असलेला चौकोनी पिनांचा प्लग स्वीकारला आणि गोल पिना मुख्यतः आपल्याकडे राहिल्या. आपल्या प्लगच्या आत फ्यूज नसतो, म्हणजे जोडणीत झालेली चूक तिथल्या तिथे तोडणारे त्यात काही नसते.

प्रत्यक्ष कामाचा आरंभ ‘मेन बंद करतोय रे!’ या घोषणेने होतो. मेन म्हणजे घराचा सगळा वीजपुरवठा एका खटक्यात तोडणारे मुख्य बटण. त्याबरोबर पंखे थांबतात, मुलाचा संगणक विझतो, आजींची मालिका ऐन साखरपुड्यात बंद पडते, आणि घरगुती वायरमन रबरी सपाता घालून, जेवणाच्या पाटावर उभा राहून, डाव्या हातात प्लग धरतो. हा प्लग इस्त्रीच्या दोरीच्या टोकाला असून त्याचा भिंतीतल्या सॉकेटशी कोणताही संबंध उरलेला नसतो, म्हणजेच सबंध घरात त्या क्षणी सर्वांत निरुपद्रवी वस्तू जर कोणती असेल, तर ती त्याच्या हातातलीच असते. सॉकेटमधून प्लग उपसला तेव्हाच खबरदारी पुरी झालेली असते. तरीही तो खिशातून टेस्टर काढून पिनांना लावतो. टेस्टर म्हणजे आत निऑनचा इवलासा दिवा आणि मोठा रोध बसवलेला पेचकस. विजेच्या तारेला टोक लावून मागच्या टोपीवर बोट ठेवले की, रोधामुळे अगदी नगण्य झालेला प्रवाह शरीरातून जमिनीत जातो आणि दिवा लागतो. मेन बंद असलेल्या घरात, सॉकेटबाहेर असलेल्या प्लगवर तो दिवा लागत नाही, आणि हे निरीक्षण ‘बघितलंत? काही नाही!’ या शब्दांत कुटुंबापुढे मांडले जाते. जी सावधगिरी तो या प्रसंगी दाखवतो, तिचा काही अंश जरी पुढच्या अर्ध्या तासासाठी राखून ठेवता, तर हे प्रकरण लिहिण्याचे प्रयोजन उरले नसते.

तार सोलण्याच्या त्याच्या पद्धतींवर वेगळा प्रबंध होऊ शकेल. सोलणी म्हणून एक स्वस्त हत्यार बाजारात मिळते, परंतु ते विकत घेणे त्याला कमीपणाचे वाटते. तो दात, दाढीचे ब्लेड, काडेपेटीतली पेटती काडी आणि, घरात आजोबांची पानसुपारीची तबकडी शिल्लक असल्यास, अडकित्ता यांचा उपयोग करतो. अडकित्त्याने सोललेल्या तारेची गंमत अशी, की रबराबरोबर आतल्या तांब्याच्या बारीक तंतूंपैकी निम्मे तुटून पाटावर पडतात आणि उरलेल्या निम्म्यांवर सबंध इस्त्रीचा भार येतो. सर्व तंतू शाबूत ठेवून त्यांना पीळ द्यावा, तार बारीक असेल तर टोक दुमडून पिनेच्या भोकात घालावे, स्क्रू आवळावा आणि मग तार हलकेच ओढून पाहावी, ही रीत आहे. एखादा तंतूही बाहेर डोकावता कामा नये, कारण प्लगच्या पोटात तो शेजारच्या पिनेला भेटला तर त्या भेटीस शॉर्टसर्किट म्हणतात. घरगुती वायरमन तार ओढून पाहत नाही. ओढली आणि निघाली तर काय घ्या, असा त्याचा व्यावहारिक विचार असतो.

आता तीन तारांचा प्रश्न. तपकिरी तार फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी. निळी न्यूट्रल, म्हणजे प्रवाहाचा परतीचा मार्ग. आणि हिरवी-पिवळी अर्थिंगची, म्हणजे उपकरणाचे धातूचे अंग जमिनीशी जोडून ठेवणारी. जुन्या दोऱ्यांत हेच रंग अनुक्रमे लाल, काळा आणि हिरवा असत. प्लगच्या आत प्रत्येक पिनेजवळ इंग्रजी एल, एन आणि ई ही अक्षरे कोरलेली असतात, पण ती वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा आतल्या खोलीत असतो. ‘फेज कुठेही लावली तरी चालतं, एसी आहे,’ असा सिद्धान्त सांगून तो तपकिरी आणि निळी वाटेल तशी बसवतो, आणि इस्त्री खरोखरच तापते. या यशामुळे त्याच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही: उपकरणातले बटण फेजच्या वाटेवर असायला हवे, तारा उलटल्या की ते न्यूट्रलच्या वाटेवर जाते, आणि मग टेबललॅम्प बंद केल्यावरही त्याच्या होल्डरमध्ये वीज उभी राहते, दिवा बदलणाऱ्या बोटांची वाट पाहत.

त्याच्या स्वभावाचा खरा गाभा मात्र अर्थिंगच्या तारेपाशी उघड होतो. घरगुती वायरमनची सत्याची कसोटी एकच असते: चालू झालं का? फेज निघाली तर इस्त्री बंद पडते, न्यूट्रल निघाली तरी बंद पडते, पण अर्थिंगची तार मुळीच लावली नाही तरी इस्त्री पूर्वीइतकीच तापते, कपडे पूर्वीइतकेच कडक होतात आणि कोणीही तक्रार करत नाही. सबब ही तार त्याच्या तत्त्वज्ञानात बसत नाही. तो ती मुळाशी छाटतो, किंवा ‘उगाच मधे येते’ म्हणून मागे दुमडून टेप गुंडाळतो. या तारेचे काम वर्षानुवर्षे काहीच नसते. एखाद्या दिवशी आतल्या कॉइलचे आवरण झिजून फेज इस्त्रीच्या पत्र्याला लागते, तेव्हा अर्थिंग असेल तर पत्र्यावरून मोठा प्रवाह थेट जमिनीकडे धावतो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाहाला आपोआप पडणारे बटण, खाली येते. अर्थिंग नसेल तर काहीच होत नाही, पत्रा २३० व्होल्टवर चढून स्वस्थ बसतो, आणि त्यानंतर ओल्या हाताने इस्त्री उचलणारी व्यक्ती हाच जमिनीकडे जाण्याचा मार्ग ठरते. आयुष्यभर लोकांना विम्याचे महत्त्व पटवून ज्याने पेन्शन मिळवली, त्या गृहस्थाने घरातला हा एवढाच फुकटचा विमा पकडीने छाटावा, याला काय म्हणावे?

प्लगच्या रचनेत या तारेचा मान पहिला आहे. अर्थिंगची पिन इतरांपेक्षा जाड असते ती दुसऱ्या भोकात शिरू नये म्हणून, आणि लांब असते ती सॉकेटमध्ये सर्वांआधी लागावी व सर्वांनंतर सुटावी म्हणून. त्याच न्यायाने प्लगच्या आत तिची तार इतर दोघींपेक्षा थोडी ढिली व लांब ठेवतात, जेणेकरून दोरीला हिसका बसून तारा तुटायच्याच झाल्या तर ही शेवटी तुटावी. हिसका तारांपर्यंत पोचू नये यासाठी प्लगच्या तोंडाशी दोरी दाबून धरणारी एक पट्टी दोन स्क्रूंसह दिलेली असते. हे दोन स्क्रू काम संपल्यावर पाटावर उरलेले आढळतात, आणि ‘कंपनी जास्तीचे देते’ असा खुलासा होतो.

तिन्ही तारा बसवून, स्क्रू आवळून, घाम पुसून झाल्यावर असे लक्षात येते, की प्लगचे झाकण आधी दोरीत ओवायचे होते आणि ते अजून कपबशीशेजारी पालथे पडलेले आहे. या क्षणी घरातील कोणीही हसत नाही, कारण अनुभवाने सर्वांना शहाणपण आलेले असते. केवळ आजी ‘लाइट कधी येणार रे?’ एवढेच विचारतात. सगळे पुन्हा सोडले जाते, पुन्हा जोडले जाते, आणि या दुसऱ्या जोडणीत, सोडण्याच्या झटापटीत तुटलेल्या तंतूंमुळे, तांबे आणखी कमी झालेले असते.

अर्थात चूक झाली तरी शिक्षा होतेच असे नाही, आणि याच उदारपणाने या पुरुषप्रकाराचे नुकसान केले आहे. परदेशी उपकरणांचे उदाहरण घ्यावे. मेहुण्याने न्यू जर्सीहून आणलेल्या मोबाइलच्या चार्जरला चपट्या पिना असतात. घरगुती वायरमन एक जोडपिन लावून तो चालवून दाखवतो आणि कौतुक मिळवतो. तो चार्जर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही पचवण्यासाठी बनवलेला असतो, हे त्याच्या पाठीवरच्या बारीक अक्षरांत लिहिलेले असते. पुढच्या खेपेला कॉफीचे यंत्र येते, जे केवळ १२० व्होल्टसाठी केलेले असते, आणि या वेळी तो आत्मविश्वासाने चपट्या पिना छाटून तीन पिनांचा टॉप बसवतो. पिना बदलल्याने व्होल्ट बदलत नाहीत. जवळजवळ दुप्पट दाबावर त्या यंत्राच्या कॉइलमध्ये साडेतीनपटीहून अधिक उष्णता निर्माण होते, आणि कॉफीचा पहिला कप येण्याआधीच धूर येतो. ‘चायनामेड असणार,’ असा निष्कर्ष काढून प्रकरण मिटवले जाते, व मेहुण्याकडे पुढील वर्षभर संशयाने पाहिले जाते.

गणपती ते दिवाळी हा त्याचा हंगाम. या काळात मखराच्या माळेची उघडी टोके सॉकेटमध्ये घालून काडेपेटीच्या काड्यांनी ठोकून बसवणे, दोन पिना आत जात नसल्यास वरच्या भोकात रिफिल खुपसून आतला पडदा उघडणे (तो पडदा लांब अर्थिंग पिनेवाचून उघडू नये, अशीच योजना असते), आणि आकाशकंदिलाची वायर गॅलरीच्या गजाला पीळ देऊन बांधणे, अशी त्याची अनेक कामे सोसायटीभर पाहायला मिळतात. तीस मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून पुरवठा तोडणारे उपकरण, एखाद्या घरी बसवलेले असलेच, तर ते या दिवसांत वरचेवर पडते; आणि ‘हे सारखं पडतंय, खराब झालंय’ असे निदान करून ते वगळून जोडणी करण्याचा सल्लाही तोच देतो.

अलीकडे मात्र त्याच्यावर एक संकट आले आहे. नव्या उपकरणांचे प्लग तारेसकट साच्यात ओतून अखंड बनवलेले असतात. त्यांना स्क्रू नाही, झाकण नाही, उघडण्याची सोयच नाही, आणि आतली जोडणी कारखान्यात झालेली असल्याने सुधारण्यास वावही नाही. हा तो स्वतःवरचा अविश्वास समजतो. ‘आत काय करून ठेवलंय कुणास ठाऊक,’ असे म्हणत नव्या कोऱ्या मिक्सरचा ओतीव प्लग तो चार बोटे वायरीसकट पकडीने कापतो आणि तपकीर गल्लीतला टॉप बसवायला घेतो. कापलेला प्लग खरे तर पिना वाकवून फेकून द्यायचा असतो, कारण कुणा पोराने तो सहज सॉकेटमध्ये खोचला तर त्याच्या शेपटीच्या उघड्या तारांत वीज येते. परंतु तो श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जातो, जिथे तुटके होल्डर, उडालेले फ्यूज, जास्तीचे म्हणून उरलेले स्क्रू आणि याआधीचे कापलेले प्लग नांदत असतात. ‘याचं काय करणार आहात?’ या प्रश्नाला ‘असू दे, लागतो कधी तरी,’ एवढेच उत्तर मिळते, आणि डब्याचे झाकण आता बसत नसल्यामुळे त्याला इन्सुलेशन टेपचे दोन वेढे दिले जातात.