लॉजिककाका

लॉजिककाकांशी भांडता येत नाही, कारण ते भांडतच नाहीत. ते फक्त दोष दाखवतात. अकरावीला तर्कशास्त्र हा विषय घेतला होता, त्याचं व्याज ते अजून वसूल करताहेत.

भाजीवाली म्हणते, "सगळीकडं ह्योच भाव हाय, काका." काकांचं बोट वर. "सगळे म्हणतात म्हणून खरं होत नाही! ॲड पॉप्युलम!" बिचारीनं बाजारभाव सांगितलेला असतो, लोकमत नव्हे. ती विचारते, "पाव देऊ का अर्धा?"

घरी काकू हॉलमधून ओरडतात, "अहो, दुधाकडे बघा. परवाही विसरला होतात."

"ॲड होमिनेम! मी विसराळू आहे, यावरून आत्ता दूध उतू जातंय हे सिद्ध होत नाही."

वाक्य संपेपर्यंत दूध शेगडीवरून ओट्यावर आणि ओट्यावरून फरशीवर आलेलं असतं. काकू काही न बोलता त्यांच्या हातात फडकं देतात. फडक्यात दोष काढता येत नाही.

आता खरं सांगायचं तर काका बरेचदा बरोबर असतात, आणि तीच पंचाईत आहे. नवा वॉचमन रुजू झाला आणि त्याच आठवड्यात पाण्याचा पंप जळला, तेव्हा 'याचा पायगुणच वाईट' यावर कमिटीचं जवळजवळ एकमत झालं होतं. काकांनी मात्र वायरमनला बोलावून पंप उघडायला लावला. बेअरिंग जाम निघालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, हे त्यांनी सगळ्यांना ऐकवलं आणि एका माणसाची नोकरी वाचवली. तिथंच थांबते तर आम्ही त्यांना कमिटीवर घेतलं असतं.

यंदाची वार्षिक सभा रीतसर कोरमअभावी अर्धा तास तहकूब होऊन पुन्हा भरली. विषय लिफ्टच्या दुरुस्तीचा. तळमजल्याचं म्हणणं नेहमीचंच : आम्ही लिफ्ट वापरत नाही, पैसे का द्यायचे? सेक्रेटरी म्हणाले, "आज तुम्हाला सोडलं तर उद्या तिसरा मजला म्हणेल, आम्ही गच्ची वापरत नाही."

काका उठलेच. "स्लिपरी स्लोप! एक झालं म्हणून दुसरं होईलच असं नाही."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचे हात वर करून म्हणाले, "गच्चीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो..."

काका डगमगले नाहीत. सेक्रेटरींचा युक्तिवाद सदोष, सबब तळमजल्यानं पैसे देऊ नयेत, असा निकाल त्यांनी दिला. वास्तविक लिफ्टचा खर्च सगळ्या सभासदांत समान वाटायचा, हे आदर्श उपविधींत स्वच्छ लिहिलेलं आहे. सेक्रेटरींना पटवता आलं नाही म्हणून नियम थोडाच खोटा ठरतो? पण हा दोष काकांच्या यादीत नसावा.

मग दुसऱ्या मजल्यावरच्या, संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाई बोलल्या. "गौतमांच्या न्यायसूत्रांत वादात हरण्याच्या 22 जागा सांगितल्यात. निग्रहस्थानं. समोरच्याची चूक दिसत असून सोडून देणं, ही त्यातली एक."

"बघा!" काका सभेकडे वळले.

"तिच्या लगेच पुढची आहे निरनुयोज्यानुयोग. जिथं चूक नाही, तिथं चूक झाली म्हणून आरोप करणं. तोही हरला."

"गौतम म्हणाले म्हणून खरं? अपील टू ऑथॉरिटी!"

बाईंनी चष्मा पुसला. "त्याच यादीत अप्रतिभाही आहे. म्हणजे उत्तरच न सुचणं. तेवढी एक तुम्हाला आयुष्यात लागू होणार नाही."

ठराव बहुमतानं मंजूर झाला. विरोधात दोन मतं, एक तळमजल्याचं आणि एक काकांचं. काका राहतात चौथ्या मजल्यावर. जाताना ते सेक्रेटरींपाशी थांबले आणि बाईंचं शेवटचं वाक्य इतिवृत्तात शब्दशः घ्या, असं बजावून गेले.