इ-लिलाववाल्याने परिषदेस कसे जावे

बँकांनी ताब्यात घेतलेल्या सदनिका, वनखात्याच्या आगारातले साग आणि नदीपात्रातले वाळूघाट संगणकाच्या पडद्यावर विकणारी यंत्रणा चालविण्यात ज्या सद्गृहस्थाची उमेदीची वर्षे खर्ची पडली आहेत, त्यास वर्षातून एकदा पंचतारांकित हॉटेलात भरणाऱ्या व्यवसाय-परिषदेस धाडण्याचा कंपन्यांचा प्रघात आहे. हा सन्मान आहे की शिक्षा, याचा खुलासा कार्यालयीन आदेशात नसतो. तस्मात् नवोदितांच्या हितार्थ पुढील कलमे नमूद करीत आहोत. ती पाळणारा सुखरूप परत येईल, एवढी हमी आम्ही देतो. शहाणा होऊन येईल, अशी देत नाही.

कलम पहिले : सिद्धान्त

लिलावाचे सारे शास्त्र म्हणजे माणसाच्या मनात दडलेली किंमत त्याच्याकडूनच वदवून घेण्याची विद्या होय. बंद लिफाफ्यातली सर्वांत मोठी बोली जिंकावी, परंतु विजेत्याने रक्कम मात्र दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीइतकीच भरावी, असा नियम केला तर खरी किंमत लिहिण्यातच प्रत्येकाचे हित राहते, हे विल्यम विकरी या अर्थशास्त्रज्ञाने १९६१ साली दाखवून दिले आणि १९९६ साली त्यास नोबेल पारितोषिकाचा मान मिळाला. परिषद ही याच विद्येच्या जाणकारांची सभा; आणि दुसऱ्याकडून खरे वदवून घेण्यात हयात घालविलेला तेथील प्रत्येक जण स्वतःचा आकडा मात्र प्राण गेला तरी उच्चारीत नाही. ज्या अटी आपण जगाला घालतो त्या आपल्यावर उलटल्या म्हणजे कसे होते, हे पाहण्याचे स्थळ म्हणजे परिषद, एवढे ध्यानी धरावे.

कलम दुसरे : प्रस्थान

ज्या दिवशी आपला एखादा लिलाव बंद व्हावयाचा असेल, त्या दिवशी प्रवासाचा मुहूर्त धरू नये. जाहिरातीत ‘दुपारी १२ ते १’ असे छापलेले असले तरी त्यातील १ हा आकडा केवळ सदिच्छेचा असतो. कारण शेवटच्या पाच मिनिटांत कोणी बोली लावली की मुदत आणखी पाच मिनिटांनी वाढावी, अशी तजवीज आपणच यंत्रणेत करून ठेविलेली असते, आणि एकाच गाळ्यावर दोन चुलतभावांचा डोळा असला तर ती मुदत दिवेलागणीपर्यंतही वाढू शकते. २०१० सालचा थ्री-जी लहरींचा इ-लिलाव ३४ दिवस आणि १८३ फेऱ्या चालला. सरकारी तिजोरीत सुमारे ६७,७१९ कोटी रुपये आले, ही गोष्ट इतिहासाने नोंदविली, परंतु त्या काळात ज्या तंत्रज्ञांनी रजेचे अर्ज लिहून ठेविले असतील त्यांची नोंद कोणी घेतली नाही. शिवाय बोलीदारास एक महिना आधी नोटीस मिळालेली असली, तरी डिजिटल सहीचा टोकन कोणत्या कपाटात ठेविला आहे हा प्रश्न त्यास शेवटच्या पाव तासातच पडतो. सबब दूरध्वनी उचलण्यास एक धीराचा मुखत्यार नेमल्यावाचून घर सोडू नये.

कलम तिसरे : मुक्काम

आजवर असंख्य जाहिरातींतून आपण लोकांस ‘जे आहे जेथे आहे, जे आहे जसे आहे आणि जे काही आहे तेथे आहे’ या तत्त्वाने मिळकती घ्यावयास लावल्या. हॉटेलातील खोलीचे दार उघडताच तेच तत्त्व आता आपणांस लागू झाले आहे हे ओळखावे आणि खिडकीबाहेरच्या भिंतीविषयी तक्रार करू नये. गळ्यात अडकविण्याच्या ओळखपत्रावर नाव चुकलेले असल्यास परिषद संपेपर्यंत तेच नाव धारण करावे. भोजनास उशिरा जाणाऱ्यास तत्त्वाच्या तिसऱ्या भागाचा साक्षात्कार होतो.

कलम चौथे : व्याख्याने

लिलावाची मुदत वाढण्यास निदान एक बोली लागते. व्यासपीठावरील वक्त्याची मुदत कोणी काहीही न लावता वाढते. उद्घाटनाचा वक्ता लिलावाचा इतिहास सांगत हेरोडोटसच्या बॅबिलोनपासून निघतो, इ. स. १९३ मध्ये प्रीटोरियन रक्षकांनी रोमचे सम्राटपदच लिलावास काढले तेथे मुक्काम करतो, आणि १९९५ साली १४.८३ डॉलरना विकल्या गेलेल्या ईबेच्या त्या मोडक्या लेझर पॉइंटरपाशी पोहोचेतो चहा निवालेला असतो. डिडियस ज्युलियानसने दर शिपायामागे २५,००० सेस्टर्शियसची बोली करून साम्राज्य घेतले, हे तो रंगवून सांगतो. ६६ दिवसांत त्याचे राज्य आणि प्राण दोन्ही गेले, हे सांगत नाही. सर्वांत वरची बोली बहुधा सर्वांत मोठ्या चुकीचीच असते, हा ‘विजेत्याचा शाप’ केपेन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ साली तेलक्षेत्रांच्या बोलींवरून मांडला. प्रश्नोत्तरांच्या वेळी त्याचा उच्चार करू नये. बोली चढण्यावर ज्यांची चूल पेटते, त्यांच्या सभेत बोली आवरण्याचा उपदेश शिष्टसंमत नाही.

कलम पाचवे : प्रतिस्पर्धी

जेवणाच्या रांगेत मागे उभा असलेला गृहस्थ, आपण आमटी वाढून घेत असता, “सध्या आपले दर काय चालले आहेत?” असे सहज विचारील. “बाजार ठीक आहे,” असे उत्तर द्यावे. दुसऱ्यांच्या मालास चढत्या बोलीने गिऱ्हाईक मिळवून देणारे आपण दोघेही स्वतः मात्र निविदेत सर्वांत कमी दर भरूनच काम मिळवितो. त्यात सरकारने २०१६ साली सरकारी खरेदीसाठी जेम पोर्टल उघडून तेथे उतरत्या बोलीची सोय केल्यापासून, आज जो हसून आपल्यापुढे पापड सरकवितो तोच महिनाभराने आपला दर पैशा-पैशाने खाली ओढीत असण्याचा संभव दुणावला आहे. बोलीतले संगनमत २००२ च्या स्पर्धा कायद्याने निषिद्ध आहे, त्यामुळे येथे कंजूषपणा आणि कायदेपालन एकाच मौनात साधतात. अगदीच राहवले नाही तर त्याच्या मुलीच्या बारावीची चौकशी करावी; तो विषय कायद्याच्या कक्षेबाहेरचा आहे.

कलम सहावे : परतीचा हिशेब

परतल्यावर साहेबांस अहवाल सादर करावा. त्यात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्द प्रत्येक परिच्छेदात यावा आणि मिळालेल्या व्हिजिटिंग कार्डांची चळत सोबत जोडावी. काम किती मिळाले हा रकाना ‘प्रक्रियाधीन’ असे लिहून भरावा. खरी कसोटी प्रवासखर्चाच्या बिलाची. आपण खरा आकडा लिहितो, परंतु लेखा विभागाने विकरी वाचलेला नाही, आणि त्याची राखीव किंमत गुप्त असते. टॅक्सीच्या पावतीवर पहिली फेरी होते, धुलाईच्या खर्चावर दुसरी, आणि दर फेरीस आकडा उतरत उतरत ज्या ठिकाणी आपला धीर सुटतो तेथे तो मंजूर होतो. मुदत मात्र वाढत नाही. विक्री कायम झाल्यापासून १५ दिवसांत बाकी रक्कम न भरणाऱ्या बोलीदाराची अनामत यंत्रणा ज्या तत्परतेने जप्त दाखविते, त्याच तत्परतेने वेळेत हिशेब न देणाऱ्याची आगाऊ उचल पगारातून कापली जाते. याविरुद्ध दाद मागण्याची तरतूद आढळत नाही, आणि ती ठेवू नये अशी शिफारस मूळ आराखड्यात आपणच केलेली असते.