पाण्यातून वर यायची सोय

शिडाची बोट विकणारा गिऱ्हाइकाला शिडी कधी दाखवत नाही. तो डोलकाठी दाखवतो, शिडं उलगडून दाखवतो, केबिनमधलं सागवान दाखवतो. आणि गिऱ्हाईक त्या सागवानावरून हात फिरवता फिरवता मनाने केव्हाच मांडव्याच्या पुढे गेलेलं असतं. आमच्या अण्णांचं तसंच झालं. निवृत्तीनंतर त्यांनी 27 फुटांची, बरीच वर्षं समुद्र पाहिलेली एक बोट घेतली. दिवाळीच्या सुमारास ती गेटवेसमोर मुरिंगला डुलायला लागते आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर ताडपत्रीखाली झोपते. तिच्या पाठीला एक हलका बाक आहे. त्या बाकावर अण्णांचा जीव इतका, की तिथे शिडी बसवायची म्हणताच ते म्हणाले, "पैठणी नेसलेल्या बाईला सेफ्टी पिन लावायला सांगतोस?" वहिनी पेपरातून मान वर न काढता म्हणाल्या, "पैठणीला पिना लागतातच. त्या दिसू द्यायच्या नसतात, एवढंच."

अण्णांचा पुढचा मुद्दा बिनतोड वाटत होता. मुंबई बंदराच्या पाण्यात आपणहून उतरणार कोण? पण उतरावं लागतं. प्रोपेलरला प्लास्टिकची पिशवी किंवा जुन्या जाळ्याचा नायलॉनचा तुकडा गुंडाळला गेला, की इंजिन बंद करून कुणीतरी दातांत सुरी धरून पाण्यात जातं. (चित्रांत असतं तितकं ते शूर दिसत नाही. दातांत सुरी असलेल्या माणसाला पाणी गार आहे हेसुद्धा सांगता येत नाही.) खाली जाणं सोपं. वर येताना मात्र पाण्यातून पाहिलं की हीच लाडकी बोट एक गुळगुळीत, अनोळखी भिंत होते. काठ पाण्यापासून जेमतेम तीन फूट; पण हे तीन फूट डेकवरून मोजलेले. पाण्यात माणूस आपलं ओझं समुद्राकडे ठेव म्हणून ठेवतो, आणि वर येऊ लागला की समुद्र ती इंचाइंचाने परत करतो, भिजलेल्या कपड्यांच्या व्याजासकट. म्हणून शिडीची सर्वांत खालची पायरी खोल हवी. बोट बांधणीच्या अमेरिकी मानकात ती पाण्याखाली निदान 22 इंच असावी असं म्हटलं आहे. पायरी वर राहिली तर गुडघा हनुवटीला टेकतो, आणि त्या आसनात कुणी कुठे चढल्याचं ऐकिवात नाही. बुडत्याला काडीचा आधार, ही म्हण काढणारा काठावर कोरडा बसलेला असणार.

आणि शिडी निवडणारे सगळे कोरडेच असतात, गंमत तिथेच आहे. चष्मा पुसून, चहा घेऊन, पायांत बूट घालून आपण अशा एका माणसासाठी वस्तू पसंत करतो जो दमलेला आहे, ज्याच्या नाकात खारं पाणी गेलं आहे आणि जो त्या क्षणी सौंदर्यशास्त्राच्या फार पलीकडे गेलेला आहे. अण्णांना आधी दोरीची शिडी आवडली. लाकडी पायऱ्या, घडी करून खणात मावणारी, बोटीचं रूप राखणारी. पण तिच्यावर पाय दिला की ती बोटीच्या पोटाखाली सरकते. पाय पुढे, पाठ मागे, आणि माणूस आकाशाकडे पाहत लोंबकळत राहतो. चांदण्या रात्री हेही ठीक. मग नळीत नळी सरकणारी आली. तिच्या पायऱ्या म्हणजे गोल दांडे, अनवाणी तळव्यात कळ नेणारे. शेवटी रे रोडच्या दारूखान्यात गेलो. मोडलेल्या जहाजांचं सामान तिथे ढिगांनी पडलेलं असतं आणि जिच्यावरून कुठकुठले खलाशी चढले-उतरले असतील अशी एखादी शिडी भिंतीला टेकून निवांत गंजत असते. दुकानदाराने स्टीलच्या एका शिडीला खिशातलं लोहचुंबक लावलं. "चिकटतंय का साहेब? मग?" चिकटत नव्हतं हे खरं. पण 304 आणि 316 या दोन्ही जातींच्या स्टीलला ते सहसा चिकटत नाही. खाऱ्या पाण्यात जास्त टिकते ती 316, तिच्यातल्या मॉलिब्डेनममुळे, आणि मॉलिब्डेनमची खबर चुंबकाला नसते. ग्रेडचा कागद देणाऱ्या दुसऱ्या दुकानातून रुंद, सपाट पायऱ्यांची पाच फुटी घडीची शिडी घेतली.

लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जायचो, तेव्हा लाँचला शिडी असल्याचं आठवत नाही. खलाशी होता. धक्का शेवाळलेला, लाँच खालीवर होणारी, मध्ये हिरव्या पाण्याची फट. लाट वर आली की तो बखोट धरायचा, आणि लाट उतरायच्या आत आपण पिशवी-चपलांसकट आत. आजीला त्याने असंच उचललं होतं. ती त्याला "मेल्या" म्हणाली आणि रेवसला उतरताना त्याच्याच हाताची वाट पाहत थांबली. चांगली शिडी म्हणजे त्या दंडाची स्टीलमधली नक्कल, आणि नक्कल जमते ती थोडीच. शिडीला लाट कळत नाही. मुरिंगवर बोटीची पाठ लाटेबरोबर वर जाते आणि धाडकन पाण्यावर आपटते. तिच्याखाली डोकं असू नये. म्हणून काहीजण शिडी मधल्या बाजूला लावतात, तिथे बोट कमी उसळते. पण तिथे शिडाच्या दोऱ्या पायऱ्यांत अडकतात. आम्ही पाठच धरली.

भोकं पाडायची वेळ आली तेव्हा अण्णांनी ड्रिल माझ्या हातात दिलं आणि ते भरतीची वेळ बघायला गेले, बोट जमिनीवर असताना. भोक पाडणं सरळ काम नसतं. फायबरच्या दोन थरांत लाकडाचा गाभा असतो आणि त्यात पाणी मुरलं की तो आतल्या आत कुजतो. म्हणून भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, आणि ते घट्ट झाल्यावर त्यातून बोल्टचं भोक पाडायचं. आतून जाड पत्रा, म्हणजे भार पसरतो. त्या आतल्या नटाला पाना लावायला अण्णांचा भाचा मागच्या खणात डोकं खाली करून शिरला. त्याचे फक्त तळवे दिसत होते. बाहेरून मी बोल्टचं डोकं धरलेलं. "फिरव!" "कुठला?" "तुझा!" "माझाच फिरतोय!" असं बराच वेळ चाललं. दोघांमध्ये बोटीची भिंत, आणि एकाने घट्ट धरल्याशिवाय दुसऱ्याचं काही आवळलं जात नव्हतं. वहिनी हे ऐकत उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, पण अण्णांकडे एकदा पाहिलं.

बसल्यावर शिडी सुंदर दिसली, हे अण्णांनीच कबूल केलं. वाऱ्यात ती खडखडू नये म्हणून त्यांनी घडी पांढऱ्या दोरीने वर आवळली आणि एक नक्षीदार गाठ मारली. सुटायला दोन्ही हात आणि थोडी सवड लागावी अशी. ती फक्त डेकवरून सुटत होती. 2006 साली 'ओपन वॉटर 2: अड्रिफ्ट' नावाचा सिनेमा आला होता. त्यात मित्रमंडळी भर समुद्रात यॉटवरून हसत उड्या मारतात, शिडी सोडायचं कुणाला सुचत नाही, आणि पुढचा सिनेमा त्या गुळगुळीत भिंतीभोवती घडतो. अण्णांना तो दाखवला. मध्यंतरालाच ते उठले. आता तिथे साधी सरकगाठ आहे आणि तिचं टोक पाण्यापासून वीतभर वर लोंबतं. रूप थोडं गेलं.

तेव्हा कुणाच्या बोटीवर पोहायला गेलात, तर उडी मारण्याआधी शिडी खाली सोडली आहे का बघा. नसली, तर तिची दोरी पाण्यातून हाताला लागेल का, तेही विचारा. यजमान हसतील. हसू द्या, ते कोरडे असतात.