गल्लीतले बडेबाबू

लातुरात औसा रोडच्या आजूबाजूला कोणत्याही गल्लीत शिरा, एक बडेबाबू सापडतातच. शाळेच्या नाहीतर झेडपीच्या कचेरीत आवक-जावक सांभाळत निवृत्त झालेले. पेन्शन सुरू झाली, बीपीची गोळी सुरू झाली आणि फोन तर आधीपासून सुरूच होते: ‘सर, पाल्याच्या नीटच्या बॅचबद्दल बोलायचं होतं.’ बडेबाबूंची लेक शाहू कॉलेजातून बारावी करून, एमबीबीएस होऊन, दोन लेकरांची आई झाली. क्लासवाल्यांच्या यादीत ती अजून दहावीतच आहे.

ही यादी तयार कशी होते, हे ‘लातूर पॅटर्न’च्या गावात कुणाला सांगावं लागत नाही. पोरगं आठवीत गेलं की कसलीतरी फुकट स्कॉलरशिप परीक्षा येते. पोरगं उत्तरं चुकवतं, पण बापाचा मोबाईल नंबर अचूक लिहितं. नांदेडात तेच. महसूल आयुक्तालय कुणाकडे यावरून 2009 साली या दोन गावांनी केवढं रान उठवलं होतं. पालकांच्या नंबरावरून मात्र कधी वाद ऐकला नाही. 2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तेव्हा नळ गप्प होते, फोन नव्हता.

तुम्ही-आम्ही ‘नको’ म्हणून फोन ठेवतो. बडेबाबूंच्या मते हा पळपुटेपणा आहे. ते सगळं ऐकून घेतात आणि मग सुरू करतात, ‘कुठून बोलूलालाव बाई? नाव सांगा. पदनाम? माझा नंबर कोणत्या पत्रान्वये प्राप्त झाला?’ पलीकडची पोरगी घाबरून खरं बोलते. ती अहमदपूरकडची निघते. मग तिचे मामा कोण, बी.ए.ला विषय कोणता, पगार वेळेवर होतो का, अशी चौकशी होते आणि आपलं नाव यादीतून कमी करायला बसलेले बडेबाबू तिलाच ती नोकरी सोडायचा सल्ला देऊन फोन ठेवतात. नंबर यादीत राहतो तो राहतोच.

कायदा मात्र मुखोद्गत. ट्रायनं नकोशा फोनांची नोंदवही 2007 साली उघडली, 2018 मध्ये नवी नियमावली आणली. नातवंडांचे वाढदिवस विसरतील, या तारखा नाही. 1909 वर ‘स्टार्ट’ लिहून पुढे शून्य टाकून पाठवलं की सगळ्या जाहिराती बंद, हे त्यांनी पानवाल्यालासुद्धा करून दिलंय. मेसेज आला की चष्मा कपाळावर चढवून पाठवणाऱ्याच्या नावाचं शेवटचं अक्षर बघतात: ‘पी’ असेल तर जाहिरात, ‘जी’ असेल तर सरकार. फेब्रुवारी 2025 मध्ये तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवस झाली, तेव्हा आनंद व्हायचा तर ते नाराजच झाले. अशानं लोक ढिले पडतात म्हणे.

खरी गोम दुसरीकडेच आहे. रीतसर नोंदणी केलेल्या जाहिरातवाल्याला 140 नं सुरू होणारा नंबर घ्यावा लागतो. क्लासची पोरं कशाला त्या भानगडीत पडतील? साध्या दहा आकडी नंबरावरून फोन करतात. अशा नंबरावर कारवाई व्हायला दहा दिवसांत पाच तक्रारी लागतात. बडेबाबू एकटे. म्हणून सकाळी दूध आणायला निघाले की ते गल्लीत कोरम जमवतात. ‘तुम्हालाबी आलता का हो 62 वाला? मग द्या की तक्रार!’ चौघं कसेबसे तयार होतात आणि पाचवा म्हणतो, त्याच क्लासला आमच्या पोरीला फी सवलत मिळालीय, मला यात घेऊ नका. तेवढ्यात दहा दिवस संपतात. जोडीला क्लासवाल्याचं सिमही बदलतं.

बडेबाबूंपेक्षा वाईट दशा एकट्या त्यांच्या मेव्हण्यांची. ते उदगीरला असतात. त्यांना लातूरच्या साड्यांचा सेल, नांदेडचे एनए प्लॉट, कानाचं यंत्र, जॉर्जियातलं एमबीबीएस, सगळ्यांचे फोन येतात. घरात कॉलेजात जाणारं कुणी नाही, साडी नेसणारं माणूसही वारलेलं. ‘दाजी, माझा नंबर ह्या लोकांना देतंय तरी कोण?’ ते काकुळतीनं विचारतात. बडेबाबू 1909 ची सगळी कृती सांगतात आणि वर समजही देतात, आपणच जिथं-तिथं नंबर देत सुटतो हो.

यंदा नातू दहावी झाला. निकालादिवशी शेजारच्या घरात फोन थांबेनात. कुणी फीत सूट देतोय, कुणी होस्टेल. बडेबाबूंचा फोन मात्र चिडीचूप, शून्याचा बंदोबस्त नेमका त्याच वर्षी लागू पडलेला. सुनेनं दोन दिवस वाट बघितली. तिसऱ्या दिवशी सासऱ्यांना एसटीत घालून नांदेडला नेलं. बाबानगरातल्या क्लासच्या काउंटरवर मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. ‘काका, मोबाईल नंबर कंपल्सरी आहे.’

बडेबाबूंनी खिशातलं पेन काढलं आणि सराईत हातानं उदगीरचा नंबर लिहिला.