रक्तवाले काका

भिवपुरी रोड स्टेशनवर पावसाळ्यात धबधब्याची गर्दी असते आणि बारा महिने काका असतात. काकांना आजवर काहीही झालेलं नाही. गाव तापानं फणफणलं तेव्हा काकांचं फक्त ‘अंग कसकसलं’. चार दिवस झोपून होते, पण तो आराम. “आपलं रक्तच तसं आहे,” हे त्यांचं निदान.

मे २०२५ मध्ये या रक्ताला शास्त्राधार मिळाला. अमेरिकेतल्या टिम फ्रीड नावाच्या गृहस्थानं अठरा वर्षं सापांचं विष थोडं थोडं टोचून घेतलं, शिवाय दोनशेच्या वर दंश घेतले. त्याच्या रक्तातून हेरलेल्या दोन प्रतिपिंडांना एका औषधाची जोड दिली, तेव्हा १९ जातींच्या विषांपैकी १३ विषांपासून उंदीर पूर्ण वाचले, उरलेल्या सहांपासून काही अंशी. २००१ साली दोन नागदंशांनी तो चार दिवस कोमात होता, ही ओळ काकांनी वाचली नाही.

“मला पाचदा चावलाय. एकदाही दवाखाना नाही. माझं रक्त कधी नेणार?”

गावातल्या सर्पमित्रानं विचारलं, “कुठं चावला?”

“लावणीत. पाण्यात.”

“दिसायला कसा?”

“पिवळसर, अंगावर काळे चौकडे.”

“काका, ती पाणदिवड. तिला विषच नसतं.”

“तेच सांगतोय! आपल्याला चावल्यावर विष उरतच नाही.”

सर्पमित्रानं समजावलं: शरीराची विषाशी गाठ पडल्याशिवाय त्यावरची प्रतिपिंडं तयार होत नाहीत. म्हणून तर प्रतिसर्पविषासाठी घोड्यांना विष टोचतात. शिवाय फ्रीडची प्रतिपिंडं नाग-मण्यारच्या कुळासाठी. आपल्याकडचं फुरसं आणि घोणस त्यात येत नाहीत. त्यामुळे साप चावला की कर्जतचा दवाखाना गाठायचा.

काकांनी यातला घोडा तेवढा उचलला. “जे घोड्याला जमतं, ते मला जमणार नाही?”

परवा लाकडांच्या राशीतून खरीखुरी मण्यार निघाली. सगळे मागे सरकले. काका तोवर शेजारच्या ओटीवर, बाकड्यावर उभे होते.

“काका, आज संधी होती!”

“येडा आहेस का?” काका वरूनच ओरडले. “एवढं मोलाचं रक्त! त्याला काही झालं म्हणजे?”