काळा कुठाय?

कुरिअरवाला जिना उतरत असतो, तेव्हा काका चढत असतात. डोंबिवलीतल्या आमच्या सोसायटीला लिफ्ट नाही, त्यामुळे कुणाकडे काय आलं हे खोक्यासकट जिन्यातच कळतं. प्रोजेक्टर आला असेल, तर काका चहाच्या आधी पोचतात. त्यांचा स्वतःचा प्रोजेक्टर नाही. परीक्षकाने परीक्षेला बसायचं नसतं.

आमचा प्रोजेक्टर स्पीकर, वायफाय, अ‍ॅप, आपोआप फोकस असं सगळं पोटात घेऊन आला होता. आम्ही दिवाणावर ओळीने बसलो आणि ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, म्हणजे फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ कसा काढला त्याचा सिनेमा, लावला. काकांनी चित्राकडे पाहिलंसुद्धा नाही. आधी भिंतीवरून तळवा फिरवला.

“पिस्ता आहे.”

“अगदी फिकट आहे, काका.”

“पिस्ता तो पिस्ता. गोरा माणूस आजारी दिसणार.”

मग खोकं. चष्मा कपाळावरून नाकावर आला. “4के सपोर्ट! अरे, सपोर्ट म्हणजे काय? पाण्याच्या मोर्चाला माझाही सपोर्ट आहे, म्हणून मी टँकरचे पैसे देतो का? 4के आत घेतो तो, बाहेर टाकतो 1920 बाय 1080च.” लुमेनचा आकडा तर त्यांनी बोटाने झाकूनच टाकला. पुढे ‘अन्सी’ लिहिलेलं नव्हतं. अन्सी म्हणजे पडद्याचे नऊ भाग करून प्रत्येकाचा उजेड मोजायचा आणि सरासरी धरायची. बाकीचे लुमेन म्हणजे, काकांच्या मते, मुलाकडच्यांनी सांगितलेला पगार.

जागेचा घोळ निराळाच. आमच्या यंत्राला 100 इंची चित्रासाठी पावणेनऊ फूट लागतात आणि आमचा हॉल आठ फुटांत संपतो. म्हणून प्रोजेक्टर स्वयंपाकघराच्या दारात, गव्हाच्या डब्यावर, जरा तिरका. हिला ओट्याकडे जायचं असलं की फाळक्यांच्या घरात आंबाडा शिरायचा. तिरकं चित्र यंत्राने स्वतःच चौकोनी करून घेतलं, तेव्हा मला फार कौतुक वाटलं होतं. काका म्हणाले, “कडेचे ठिपके वाया घालवले त्याने. सदरा बसला, पण कापड गेलं.”

खरं सांगतो, काकांचं एकही वाक्य चुकीचं नसतं. चुकलं असतं तर आम्ही सुटलो असतो.

त्यांचा आवडता विषय म्हणजे काळा रंग. कुणी काळा कोट घालून आला की काका ओरडतात, “थांबव!” चित्र थांबतं. काका भिंतीशी जाऊन कोटावर बोट ठेवतात. “काळा कुठाय? हा राखाडी. ट्यूबलाइट लावलीस तर पिस्ता. अरे, प्रोजेक्टर उजेड टाकतो, काळोख टाकणारं यंत्र अजून निघायचंय. जिथे तो काही टाकत नाही तिथे तुझी भिंत दिसते, आणि टाकायचं नसतं तिथेही ह्याच्याकडून थोडं सांडतंच.”

मग काळ्याचा शोध सुरू झाला. ट्यूबलाइट बंद, स्वयंपाकघर बंद, जिन्याच्या दाराखाली पायपुसणं. देव्हाऱ्यातला लाल झिरोचा बल्ब काकांना खुपत होता, पण तिथे आईने हरकत घेतली. “देवाला अंधारात ठेवून सिनेमा नको,” म्हणाली. काकांनी देवापुरता काळा सोडून दिला. तेवढ्यात काळोखात दूध उतू गेलं. ते मात्र पांढरंशुभ्र दिसलं, असं काका म्हणाले.

कोपऱ्यातली अक्षरं पसरतात का हे पाहायला श्रेयनामावली पुन्हा लावली. मग फोकस हाताने सारखा करून पुन्हा. मग काकूंना बोलावून पुन्हा. त्यांना सगळंच छान दिसलं, म्हणून त्यांना घरी पाठवण्यात आलं. सहायकांची नावं आता आमच्या धाकटीला पाढ्यांसारखी पाठ आहेत.

फाळके रोज तासन्‌तास सिनेमे पाहायचे, त्यात त्यांचे डोळे बिघडले होते. आमचे सिनेमा न पाहताच बिघडायला आलेत.

रविवारी भिंत पांढरी करून घेतली. मॅट, काकांनी निवडलेली. संध्याकाळी ते आले, लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, आणि म्हणाले, “आता पडद्याशिवाय गत्यंतर नाही.”

‘राजा हरिश्चंद्र’ 1913 साली मुंबईत प्रदर्शित झाला. आमच्या हॉलमध्ये फाळके अजून कॅमेरा आणायला लंडनलासुद्धा निघालेले नाहीत.